दोन गोण्या खिडकीकडच्या

सदर व्यक्ती पुरुष असून वय चोपन्न, बांधा किरकोळ, उंची नोंदीप्रमाणे पाच फूट पाच इंच व प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी. हुद्दा : वजनकार, कुंडीप्रयोग विभाग, मृदा परीक्षण केंद्र. सेवाकाळ एकोणतीस वर्षे. वैवाहिक स्थिती : विधुर. जवळचे नातेवाईक : धाकटी बहीण, एक. कर्तव्ये : क्लोव्हर या चारापिकाची कुंड्यांत लागवड करणे, ते कापणे, वाळवणे, तोलणे व तोललेले लिहिणे. मत देणे हे कर्तव्यांत समाविष्ट नाही. सेवापुस्तकात प्रतिकूल शेरा एक. अनुकूल शेऱ्यांसाठी राखलेले पान कोरे असून सुस्थितीत आहे.

केंद्रात सगळे त्याला मिलिग्रॅम म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण त्याला त्याचं वाईट वाटत नसे. किलो म्हटलं असतं तर त्याने हरकत घेतली असती, आणि तीही लेखी.

कुंडीघर म्हणजे मुख्य इमारतीच्या मागचा काचेच्या छपराचा लांबडा हॉल. लोखंडी बाकांवर एकशे चव्वेचाळीस पांढऱ्या कुंड्या, प्रत्येकीत धुतलेली वाळू आणि वाळूत क्लोव्हर. बुटकं, तीन-तीन पानांचं, लसूणघासाच्या नात्यातलं हे झाड जनावरं आवडीने खातात. मिलिग्रॅमचं काम असं की प्रत्येक ओळीला जमिनीतलं सगळं द्यायचं, फक्त एकेक गोष्ट वगळायची, आणि वगळल्यावर झाड कसं मरतुकडं होतं ते तोलायचं. एकोणतीस वर्षं तो रोज सकाळी एकशे चव्वेचाळीस झाडांना थोडंथोडं उपाशी ठेवत होता. घरी त्याला मुंगीही मारवत नसे.

इतक्या वर्षांत तो पानं वाचायला शिकला होता. स्फुरद नसलं की पान लहान आणि गडद होतं. पालाश कमी पडलं की पानाच्या कडेला पांढरे ठिपके येतात, सुईने टोचल्यासारखे. गंधक नसलं की सगळी कुंडी फिकट दिसते. चुना नसलेल्या आंबट मातीत झाड नुसतं बसून राहतं. नत्राचं मात्र निराळं. ते क्लोव्हर हवेतून स्वतःच मिळवतं. मुळांवरच्या बारीक गाठींत जिवाणू पाळतं आणि त्यांच्याकडून काम करून घेतं. गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी दिसलं की कारखाना चालू. पांढरी किंवा हिरवट निघाली की बंद. वरून नत्र ओतलं तर क्लोव्हर गाठी धरायचंच सोडून देतं. आयतं मिळायला लागल्यावर कष्ट कोण करतो, एवढी समज त्याला आहे.

आणि एक होतं मॉलिब्डेनम. हा शब्द मिलिग्रॅम सोडून केंद्रात कुणालाही एका दमात म्हणता येत नसे. बाकीचे 'ते चिमटीतलं' म्हणत. एका हेक्टराला पन्नासेक ग्रॅम, तेही चार-पाच वर्षांतून एकदा. पण तेवढं नसेल तर गाठींचा कारखाना बंदच राहतो. आता पन्नास ग्रॅम भुकटी हेक्टरभर सारखी पसरायची कशी? म्हणून केंद्राची पद्धत अशी होती की हेक्टरमागची मात्रा चुन्याच्या एका गोणीत घोळायची आणि ती गोणी शेतावर इतर साध्या चुन्याबरोबर पसरायची. हेक्टराला साधा चुना वीस गोण्या, घोळलेला एक. घोळलेल्या गोणीचं तोंड लाल दोऱ्याने शिवायचं, साध्याचं पांढऱ्याने.

तीन वर्षांपूर्वी लाल दोरा संपला. कोठीवाल्याने मागणीपत्र पाठवलं. ते 'लाल रंगाची आवश्यकता स्पष्ट करावी' असा शेरा घेऊन परत आलं. आवश्यकता मिलिग्रॅमने लिहून दिली, पाऊण पान. ते 'पर्यायी रंगांचा विचार केला आहे काय' असं विचारत परत आलं. मग कोठीवाला म्हणाला, "जाऊ द्या हो. सगळ्याच पांढऱ्याने शिवतो. घोळलेल्या खिडकीकडे ठेवतो, साध्या भिंतीकडे. लक्षात ठेवायला काय लागतंय?"

काही लागलं नाही. दोन वर्षं सगळं ठीक चाललं.

मागच्या हंगामात बहिणीने चुना मागितला. तिचं शेत गावाबाहेर, दोन हेक्टर, गोठ्यात बारा गाई. माती आंबट, क्लोव्हर धरत नव्हतं, नुसतं गवत माजायचं. मिलिग्रॅमने मातीचा नमुना तपासून घेतला, रीतसर अर्ज भरून घेतला आणि स्वतः कोठीत उभा राहून म्हणाला, "दोन गोण्या खिडकीकडच्या, चाळीस भिंतीकडच्या." कोठीवाला रजेवर होता, बदली माणूस होता. बेचाळीस गोण्या गाडीत चढल्या. मेहुण्यांनी आठवडाभरात त्या शेतावर पसरल्या आणि क्लोव्हर पेरलं.

पुढल्या वर्षी, थंडी सरल्यावर, बहिणीने बोलावलं.

"दादा, ये आणि बघ तरी. तुझ्या कुंड्या लाजतील."

तो एका सुट्टीच्या सकाळी गेला. शेताच्या फाटकाशी उभा राहिला आणि आत जायच्या आधी बराच वेळ तिथेच राहिला.

क्लोव्हर गुडघ्याला लागत होतं. हिरवं म्हणजे जरा जास्तच हिरवं. मधे गवताची काडी दिसत नव्हती; क्लोव्हरने सगळ्यांना खाली दाबून टाकलं होतं. वारा होता, पण एवढी दाट पानं हलतही नव्हती, फक्त वरचा थर सावकाश सरकल्यासारखा दिसे. त्याने एक झाड मुळासकट उपटलं. गाठी मटकीच्या दाण्याएवढ्या. एक नखाने फोडली. आत हिरड्यांसारखं लालगुलाबी.

"कसं काय?" मेहुणे म्हणाले. ते धिप्पाड गृहस्थ. आनंद झाला की समोरच्याच्या पाठीवर थाप मारायची त्यांची रीत होती. "केंद्राचे साहेबपण येऊन गेले. आदर्श शेत म्हणून जाहीर करतो म्हणाले. दादा, हे सगळं तुमच्यामुळे."

पाठीवर थाप बसली. मिलिग्रॅमने उपटलेलं झाड दुमडून खिशात घातलं.

"गाई कशा आहेत?" त्याने विचारलं.

"गाईंना जरा पातळ होतंय," बहीण म्हणाली. "ओला चारा ना. जनावरांचे डॉक्टर बघून गेले. जंताचं औषध दिलंय. आणि काळीला चष्मा लागलाय, ये बघायला."

काळी गाय गोठ्याच्या दाराशीच होती. काळी असं तिला सवयीने म्हणायचं, कारण तिचा रंग उतरून तांबूस मातकट झाला होता, जुन्या छत्रीसारखा. दोन्ही डोळ्यांभोवती केस पांढुरके पडून गोल कडी उमटली होती. खरंच चष्म्यासारखी दिसत होती. तिने मिलिग्रॅमकडे पाहिलं, तपासनीस पाहतात तसं.

"वाळलीय," तो म्हणाला.

"सगळ्याच वाळल्यात," मेहुणे म्हणाले. "म्हणून तर क्लोव्हर वाढवलंय. आधी दोन भारे घालायचो, आता चार घालतो."

मिलिग्रॅमने मान हलवली. तेव्हाच त्याला सगळं समजलं होतं. फार वर्षांपूर्वी एका जुन्या साहेबांनी त्याला कुंडीघरात सांगितलं होतं की हे चिमटीतलं द्रव्य झाडाला कितीही झालं तरी झाड तक्रार करत नाही, उलट मजेत वाढतं आणि पानात साठवत जातं. पण ते पान गाईने खाल्लं की ते तिच्या पोटातलं तांबं अडवून धरतं. आधी पातळ होतं, मग रंग उतरतो, मग डोळ्यांभोवती कडी येतात. "आणि मग?" मिलिग्रॅमने तेव्हा विचारलं होतं. साहेब म्हणाले होते, "मग आपला विभाग संपतो."

तो दुसऱ्या दिवशी कोठीत गेला. कोठीवाला चहा पीत होता.

"खिडकीकडच्या गोण्या कधी हलवल्या होत्या का?"

"मागच्या साली. छप्पर गळत होतं ना खिडकीवरचं. घोळलेल्या भिजतील म्हणून भिंतीकडे घेतल्या, साध्या खिडकीकडे."

"कधी?"

"मी रजेवर गेलो त्याच्या आदल्या दिवशी. का हो?"

"सहज."

"तुम्ही सहज कधी काही विचारता होय?" कोठीवाला हसला. "बरं, यंदा तक्रारी येतायत. मी रजेवर असताना ज्यांनी नुसती घोळलेली एकेक गोणी नेली ते म्हणतात, काहीच फरक नाही. मी सांगतो, चिमटीभर तर असतं, फरकपण चिमटीभरच पडणार."

म्हणजे बहिणीच्या शेतावर दोन साध्या पडल्या होत्या आणि घोळलेल्या चाळीस. वीसपट मात्रा. हा हिशेब मिलिग्रॅमने कोठीच्या दारातून कुंडीघराच्या दारापर्यंत जाताना केला. तेवढ्या चालण्यात त्याने तो तीनदा तपासलाही.

इथे कुणीही माणूस बहिणीला जाऊन सांगेल. मिलिग्रॅमने उपटून आणलेलं झाड धुतलं, पानं कागदी पिशवीत घातली, पिशवी सत्तर अंशाच्या भट्टीत ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं : कुंडी क्रमांक एकशे पंचेचाळीस.

याला कारण तो प्रतिकूल शेरा. अकरा वर्षांपूर्वी त्याने एका शेतातलं पान नुसतं बघून 'पालाश कमी' असं सांगितलं होतं. शेतकऱ्याने खत घातलं. पानावरचे ठिपके किडीचे निघाले. 'वजनकाराने अनुमानाच्या आधारे मत दिले' असं सेवापुस्तकात लिहिलं गेलं. त्या दिवसापासून त्याने ठरवलं की आकडा हातात आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दुसरंही एक कारण होतं. गोण्या त्यानेच निवडल्या होत्या. ही दोन कारणं एकमेकांना इतकी घट्ट धरून होती की त्यांतलं खरं कुठलं ते त्याला स्वतःलाही निवडता आलं नसतं.

पानं तीन दिवसांत वाळली. ती घेऊन तो प्रयोगशाळेत रसायनवाल्या बाईंकडे गेला. बाईंनी चिठ्ठी वाचली.

"तुमच्याकडे एकशे चव्वेचाळीसच कुंड्या आहेत ना?"

"यंदा एक वाढली."

"घाई आहे का?"

मिलिग्रॅमने नियमांचा विचार केला. कुंड्यांचे नमुने क्रमांकाने लागत. एकशे पंचेचाळीस सगळ्यांत शेवटी.

"नाही," तो म्हणाला. "क्रमाने येऊ द्या."

नवव्या दिवशी बहिणीचा फोन आला. एक गाय गेली. ठिपक्यांची होती. पाणी पिऊन उभी होती, एकदम मान वर केली, हंबरली आणि आडवी झाली. हे धावत पोचेपर्यंत संपलंही होतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हृदय म्हणाले. दादा, गाईला असं होतं का रे?"

"होत असेल."

"तुझ्या चुन्यात तर काही नव्हतं ना?"

मिलिग्रॅमने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"परीक्षण चालू आहे," मिलिग्रॅम म्हणाला.

बहीण हसली. "घरी तरी माणसासारखं बोल," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात तो रोज प्रयोगशाळेच्या दारावरून गेला. आत डोकावे. बाई एकाहत्तरावर होत्या, मग अठ्ठ्याऐंशीवर. एकदा त्या यंत्राची नळी बदलत होत्या तर तो अर्धा तास उभा राहिला.

"काही हवंय का?"

"नाही. यंत्र ठीक आहे ना?"

"यंत्र ठीक आहे. तुम्ही ठीक आहात का?"

त्या दिवसांत त्याच्या हातून एक ओळ दोनदा पाणी घातल्यामुळे खराब झाली. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने ते नोंदवहीत स्वतःहून लिहिलं, तारखेसह, आणि खाली सही केली.

पंधराव्या दिवशी दुसरी गाय गेली. ही चालता चालता पडली. बहिणीने या वेळी फोनवर काही विचारलं नाही, फक्त सांगितलं. मेहुणे मागून ओरडून म्हणत होते की उरलेल्यांना अंगात ताकद पाहिजे, क्लोव्हर अजून वाढवायला हवं, आहेच भरपूर. मिलिग्रॅमने फोन कानाला धरून ठेवला. "भाऊजींना सांग," तो म्हणाला आणि थांबला.

"काय सांगू?"

"सांग की मी शेतपाहणीला येतोय."

आदर्श शेत जाहीर करण्याआधीची केंद्राची ती शेतपाहणी एकविसाव्या दिवशी होती. त्या सकाळी नऊ वाजता बाई स्वतः कुंडीघरात आल्या. हातात कागद होता.

"तुमची एकशे पंचेचाळीस," त्या म्हणाल्या. "तुमचं ते चिमटीतलं मोजपट्टीच्या बाहेर गेलं. द्रावण दहापट पातळ करून पुन्हा घेतलं. तांबं जवळजवळ नाहीच." त्यांनी कागद बाकावर ठेवला. "ही कुंडी नाही. कुणाची जनावरं खातायत हे?"

"बहिणीची."

"आणि तुम्ही रांगेत थांबलात?"

"क्रमवारी आहे ना."

"क्रमवारी कुंड्यांची असते हो," बाई म्हणाल्या. "मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दिला असता हा कागद."

मिलिग्रॅमने कागदाची घडी घातली. चार पदरी, कडा जुळवून.

शेतावर साहेब, त्यांचे दोन सहायक आणि आसपासची आठ-दहा शेतकरी मंडळी जमली होती. मेहुण्यांनी नवा शर्ट घातला होता. बहीण फाटकाला टेकून उभी होती आणि गाई तिच्या मागे, बांधाच्या आतच, क्लोव्हरमध्ये. नऊ होत्या. मिलिग्रॅमने मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"काळी कुठाय?" त्याने विचारलं.

"काल संध्याकाळी," बहीण म्हणाली. "तू येणारच होतास म्हणून फोन नाही केला."

पद्धतीप्रमाणे शेतात पाच ठिकाणी लोखंडी चौकट टाकण्यात आली. चौकटीतलं क्लोव्हर कापलं, ताज्या वजनाला काट्यावर ठेवलं. काटा मिलिग्रॅमच्याच हातात होता. त्याने पाचही आकडे मोठ्याने वाचले. सहायकाने सरासरी काढली आणि साहेब शेतकऱ्यांकडे वळून म्हणाले, "केंद्राच्या प्रमाणित उत्पन्नाच्या एकशे एक्केचाळीस टक्के. संतुलित पोषण म्हणजे काय ते डोळ्यांनी बघा."

लोकांनी बघितलं. एकाने विचारलं, "साहेब, गाई अशा का दिसतात?"

"तो पशुविभाग," साहेब म्हणाले.

मिलिग्रॅमने काटा खाली ठेवला. खिशातून कागद काढला, उलगडला आणि ज्या आवाजात आधीचे पाच आकडे वाचले त्याच आवाजात उरलेले दोन वाचले. मग म्हणाला, "या क्लोव्हरवर जनावर चारू नये. चारलं तर मरतं. तीन मेली आहेत."

साहेबांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला. "हा तक्ता कुठला? आपल्या छापील नमुन्यात या चिमटीतल्याचा रकाना नाही."

"नाही साहेब."

"मग मी हे बसवू कुठे?"

"गोण्या बदलल्या होत्या," मिलिग्रॅम म्हणाला. तो साहेबांकडे पाहत नव्हता. "दोन खिडकीकडच्या, चाळीस भिंतीकडच्या, असं मीच सांगितलं. छप्पर गळत होतं म्हणून थप्प्यांची अदलाबदल झाली होती. मी विचारलं नाही."

मेहुण्यांना समजायला थोडा वेळ लागला. त्यांनी हातातला विळा बघितला, मग क्लोव्हर. "म्हणजे मी रोज चार भारे..." ते म्हणाले आणि विळा बांधावर टाकला.

बहीण फाटकापासून हलली नव्हती.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"आकडा आज सकाळी आला."

"आकड्याचं नाही विचारलं मी."

मिलिग्रॅमने उत्तर दिलं तेव्हा त्याचा आवाज अगदी बारीक होता, पण जवळचे सगळे ऐकत होते. "एकवीस दिवस."

तिने फाटक उघडलं आणि गाईंना हाकायला लागली. गाई हलेनात. त्यांची तोंडं क्लोव्हरमध्ये होती. चारा आवडीचा होता आणि पोटं रिकामी असल्यासारखी त्या खात होत्या. एकेकीला मानेला धरून, ढकलून बाहेर काढावं लागलं. शेतकऱ्यांतले दोघे मदतीला गेले. मिलिग्रॅम पुढे झाला तेव्हा बहीण म्हणाली, "तू नको. तू वजन कर." तो तिथेच थांबला, काट्याशेजारी. साहेबांचा सहायक घाईने लिहीत होता, कारण अहवाल त्याच दिवशी जायचा होता.

अहवाल गेला. त्यात म्हटलं आहे :

'सदर क्षेत्रावर क्लोव्हरची वाढ प्रमाणित उत्पन्नाच्या १४१ टक्के आढळली. मुळांवरील गाठी विपुल व कार्यक्षम. पीक तजेलदार, तणविरहित. सदर क्षेत्र आदर्श म्हणून घोषित करण्यात येत आहे. पाहणीदरम्यान वजनकाराने पशुविषयक मत व्यक्त केले. सदर मत विभागाच्या कार्यकक्षेबाहेरील असल्याने नोंदीत घेण्यात आलेले नाही. शेतमालकाने जनावरांना पर्यायी चारा देण्याचे स्वेच्छेने ठरविले असून त्याचा पिकाच्या वाढीवर अनिष्ट परिणाम होणार नाही.'

संध्याकाळी जनावरांच्या डॉक्टरांनी कागदावरचे दोन आकडे वाचले आणि उरलेल्या नऊ गाईंना तांब्याचं इंजेक्शन दिलं. ते औषध पहिल्या भेटीपासून त्यांच्या पेटीतच होतं.